नाद : गुण दोन

बी.ए. भाग एक, पेपर पहिला,
संगीतशास्त्राची मूलतत्त्वे.
पटावर सोळा नावं. त्यातली सहा
भूगोलात जागा मिळाली नाही म्हणून माझ्याकडे.
मीही इथे तासिका तत्त्वावर,
म्हणजे पगार मात्रा मोजूनच.

पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं : नाद म्हणजे काय?
मागच्या बाकावरून उत्तर आलं, "खुळा."
हसलो सगळे.
म्हटलं, बरोबर आहे, पण दोन गुणांना पुरत नाही,
नियमित आंदोलनं हवीत.
"ऊसदराची व्हय?"
म्हटलं, तीही नियमितच असतात, दिवाळीच्या तोंडावर,
पण नाही.

नादाचे गुण तीन :
लहानमोठेपणा, उंचनीचपणा, जात.
'जात' म्हटलं आणि वर्ग एकदम गप्प.
कुणी वहीत मान घातली,
कुणी खिडकीतून सायकल स्टँडकडे बघू लागलं.
घाईने म्हटलं, तसली नव्हे.
तेव्हा तमन्ना शिकलगार उठली.
"मॅडम, अब्बा चाकावर धार लावाय लागले की
मी आतल्या खोलीतनं वळखतो
इळा हाय का आडकित्ता.
पातं दिसाय पायजे असं काय न्हाई."
मी खडू खाली ठेवला.

उंचनीचपणा सांगितला पट क्रमांक नऊने,
शिवलिंग गवळी.
गंगावेशीत रात्री त्याच्या म्हशी उभ्या असतात,
गिऱ्हाईक समोर, धार थेट पेल्यात.
पण घरची चरवी पितळी, उंच गळ्याची.
"सुरवातीला आवाज घुमतोय, पार तळात.
दूध चढंल तसा आवाज बी चढतोय,
भरत आली की बारीक.
मी अंधारात बघत न्हाई, नुसता आयकतो.
अजून सांडलं न्हाई कधी."
का चढतो रे, मी विचारलं.
तो जरा थांबला.
"आत जागा कमी उरती म्हणून आसंल."

त्या दिवशी मी सांगणार होते सा आणि प यांच्याविषयी,
दोनशे चाळीस, तीनशे साठ,
हे दोघेच अचल का.
तेवढ्यात शिपायाने रुळाच्या तुकड्यावर घण मारला
आणि तास संपला.

दिवाळीनंतर नऊ नंबर यायचा बंद झाला.
कुणी म्हणालं बापाच्या गुडघ्याचं ऑपरेशन,
कुणी म्हणालं आणखी दोन म्हशी घेतल्या.
ऑफिसातून चिठ्ठी आली, नाव कमी करा.
मी तेव्हा तीनताल शिकवत होते.
एक, पाच, तेरा, टाळी.
नवव्या मात्रेला टाळी नाही,
हात नुसता बाजूला न्यायचा,
तळवा आभाळाकडे.
तिला खाली म्हणतात,
पण मोजताना गाळायची नसते.
गाळली तर सम चुकते,
सगळ्यांचीच.
हजेरी घेताना मी अजून नऊ म्हणते,
एक मात्रा थांबते,
मग दहा.

काल रात्री गंगावेशीतून जाताना दिसला.
दिव्याखाली उकिडवा, गुडघ्यांत चरवी.
मी पाठीमागे उभी राहिले, गिऱ्हाइकासारखी.
धार चढत गेली, गंधारावरून मध्यमावर,
पंचमाला टेकणार
तोच त्याने हात आखडता घेतला.
वळलाही नाही.
"मॅडम, कापशी नवी घेतलीसा व्हय? लई करकरती."

कधी येणार, हे मी विचारलं नाही.
परीक्षा मार्चमध्ये आहे, एवढंच म्हटलं,
आणि व्याख्येला दोन गुण असतात.
"त्ये खुळं सोडून लिवायचं न्हवं?"
म्हटलं, हो, ते सोडून.

त्याने दुसरी चरवी ओढली, रिकामी.
पहिली धार तळाला लागली,
खोल मंद्रात कुठेतरी.
अजून पुष्कळ जागा होती आत.